पेटीला घरचे वायफाय कसे सांगावे?



वाचनपेटी ज्यांच्या घरी आहे त्या सभासदांचे फोन बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी येतात. "घरी नवीन राउटर बसवला, तेव्हापासून पेटीत पुढचे प्रकरण आले नाही." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "असू द्या, मुलगा दिवाळीला येईल तेव्हा बघेल."

या दुसऱ्या वाक्यासाठी हा लेख लिहीत आहोत. मुलगा पुण्यात, बंगळूरला किंवा न्यू जर्सीत. दिवाळीला अजून चार महिने. तोवर ज्या काकूंना छापील अक्षर दिसत नाही त्यांनी गुरुवारची वाट बघायची आणि गुरुवार कोराच जायचा, हे बरोबर नाही. आणि त्याची गरजही नाही. पेटीला नवे वायफाय सांगणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याला संगणक लागत नाही, टीव्हीची वायर लागत नाही, घरात कोणी इंजिनिअर असावा लागत नाही. एक साधा स्मार्टफोन आणि राउटरचा पासवर्ड एवढे पुरते.

ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. विद्यानगर, नल्लाकुंटा, अडिकमेट या भागात आपली बरीच जुनी मराठी घरे आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांत आता दोघेच वृद्ध राहतात. त्यांच्यापैकी ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी आपले स्वयंसेवक घरी बसून जुनी मराठी पुस्तके मोठ्याने वाचतात आणि ते वाचन पेटीत पोहोचते. दर गुरुवारी एक प्रकरण. पुस्तके आपण जुनीच घेतो, कारण भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लिखाण सर्वांसाठी खुले होते. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचे साहित्य वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि पुस्तक मिळवायला लांब जावे लागत नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली कितीतरी जुनी मराठी पुस्तके स्कॅन होऊन इंटरनेटवर खुली झालेली आहेत. पहिल्या पानांवर ग्रंथालयाची ती ओळखीची चिठ्ठी तशीच दिसते. आपल्यातल्या कित्येकांनी कॉलेजात असताना हीच पुस्तके तिथल्या कपाटातून काढली असतील.

प्रकरणाप्रकरणाने ऐकण्यातही नवे काही नाही. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मध्ये अशीच तुकड्यातुकड्यांनी आली होती. फरक इतकाच की तेव्हा पुढचा अंक टपालाने यायचा आणि आपले प्रकरण वायफायने येते. टपालाला घराचा पत्ता लागतो. वायफायला नाव आणि पासवर्ड.

पेटीत काय आहे? लाकडी डबीत एक छोटा संगणक, एक स्पीकर आणि वर एक मोठे बटण. संगणक म्हणजे 'रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू'. काडेपेटीहून थोडा लांब, ६५ गुणिले ३० मिलिमीटरची हिरवी पट्टी. हा प्रकार ऑक्टोबर २०२१ मध्ये पंधरा डॉलर किमतीला बाजारात आला. त्याच्या मूळच्या भावंडाचा, म्हणजे पहिल्या रास्पबेरी पायचा जन्म २९ फेब्रुवारी २०१२ चा. केम्ब्रिजच्या मंडळींनी तो शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणून स्वस्तात बनवला. मुलांपेक्षा मोठ्यांनीच तो जास्त पळवला ही गोष्ट वेगळी.

या संगणकाला आपण पडदा जोडलेला नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. इंग्रजीत अशा संगणकाला 'हेडलेस' म्हणतात, म्हणजे बिनडोक्याचा. हे ऐकून आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्याचे बारसे तिथल्या तिथे केले: कबंध. रामायणातला तो राक्षस, ज्याला डोके नव्हते, तोंड पोटात होते आणि हात मात्र योजनभर लांब. तोंड पोटात हे आपल्या स्पीकरला अगदी लागू पडते. आणि हेही लक्षात असू द्या की सुग्रीवाकडे जा असा रस्ता रामाला त्या कबंधानेच दाखवला होता.

आता अडचण कुठे येते ते पाहू. फोनला नवीन वायफाय सांगायचे तर आपण काय करतो? पडद्यावर नावांची यादी येते, आपण एकावर बोट ठेवतो, पासवर्ड टाइप करतो. पेटीला पडदाच नाही, मग यादी दाखवायची कुठे आणि पासवर्ड टाइप करायचा कुठे? पेटीपर्यंत दुरून पोहोचावे म्हटले तर त्यासाठी ती आधी वायफायवर हवी, आणि वायफायवर येण्यासाठी आधी तिच्यापर्यंत पोहोचायला हवे. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून, अशी गत. मुले सुट्टीत येऊन नीट करतात म्हणजे काय करतात, तर पेटी उघडून टीव्हीला जोडतात, कुठून तरी कीबोर्ड आणतात आणि पासवर्ड भरतात. ते चालते, पण त्यासाठी मूल सुट्टीवर यावे लागते.

सगळ्यात सोपा उपाय आधी सांगतो, कारण तो करणारे फार थोडे आहेत. नवा राउटर बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला सांगा. त्याला ते एका मिनिटाचे काम असते. "भैया, नाम और पासवर्ड पुराना इच रखो" एवढे आपल्या हैदराबादी बोलीत सांगितले तरी पुरे. नाव अक्षर न् अक्षर तेच हवे, लहान-मोठ्या लिपीसकट, आणि मध्ये मोकळी जागा असेल तर तीही तशीच. पेटीला राउटर कोणत्या कंपनीचा आहे हे कळत नाही. तिला नाव आणि पासवर्ड ओळखीचे दिसले की ती आपोआप जोडली जाते. टीव्ही, टॅबलेट, नातवाचा फोन हेही सगळे न सांगता जोडले जातात. यासाठी आज एक करा: सध्याचे नाव आणि पासवर्ड एका कागदावर स्वच्छ लिहून फ्रिजवर किंवा देवघराच्या कपाटात आतून चिकटवा. राउटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड जुना राउटर परत नेला की त्याच्याबरोबर जातो.

पण माणूस येऊन गेला, नाव बदलून गेला, आता काय? इथे पेटीतली खरी युक्ती कामाला येते.

घरातले वायफाय म्हणजे राउटर बोलतो आणि बाकी सगळे त्याच्याकडे जातात. ज्याच्याकडे सगळे जातात त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणतात. पेटीतला संगणक एरवी जाणाऱ्यांपैकी एक असतो. पण त्याच्या रेडिओला ही दुसरी भूमिकाही करता येते. तो स्वतःच एक छोटेसे वायफाय सुरू करून बसू शकतो, आपण प्रवासात फोनचा हॉटस्पॉट सुरू करतो तसे. म्हणून आम्ही पेटीत अशी व्यवस्था केली आहे: सुरू झाल्यावर तिने आधी ओळखीचे वायफाय शोधायचे. सापडले तर प्रश्नच नाही. नाही सापडले तर तिने स्वतःचे वायफाय उघडायचे आणि कोणीतरी येऊन सांगण्याची वाट बघायची. म्हणजे आपण पेटीपर्यंत कसे पोहोचायचे हा प्रश्न उलटा झाला. पेटीनेच दार उघडून ठेवले.

आणि ती हे बोलून दाखवते. पडदा नसला तरी स्पीकर आहेच, म्हणून आपल्या एका सभासद ताईंच्या आवाजात तीन वाक्ये ध्वनिमुद्रित करून पेटीत घातली आहेत. "मला घरचे वायफाय सापडत नाही. फोन घेऊन माझ्याजवळ या." जोडणी चालू असताना "थांबा, बघते." आणि झाल्यावर "जोडले गेले." हे काम एखाद्या दिव्याच्या उघडझापीवर सोपवता आले असते, बहुतेक ठिकाणी तसेच करतात. पण ज्यांच्यासाठी पेटी बनवली त्यांना तो बारीक दिवा दिसणारच नाही, मग दिवा काय कामाचा!

पेटी तसे बोलली की पुढे असे करा. फोन घेऊन पेटीच्याच खोलीत जा, कारण तिचा आवाका राउटरइतका मोठा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये वायफायची यादी उघडा. त्यात 'वाचनपेटी' आणि पुढे तुमच्या पेटीचा क्रमांक असे नाव इंग्रजी अक्षरांत दिसेल. त्याचा पासवर्ड पेटीच्या तळाशी मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे, तो टाका. थोड्या वेळात फोनवर आपोआप एक पान उघडते. त्यात आजूबाजूच्या वायफायची यादी असते, अगदी शेजाऱ्यांचीही. तुमच्या घरचे नाव निवडा, राउटरचा पासवर्ड टाका, खालचे बटण दाबा. झाले.

(नाव देवनागरीत ठेवण्याचा मोह आम्हालाही झाला होता. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'वाचनपेटी' या शब्दात काना-मात्रा-वेलांट्या धरून आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. बसते! पण काही जुन्या फोनवर त्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून इंग्रजी अक्षरे.)

झाले असे म्हटले खरे, पण या सोप्या वाटेवर दोन ठिकाणी माणूस अडखळतो, आणि दोन्ही ठिकाणी बिघाड नसताना बिघाड झाला असे वाटते. म्हणून जरा सविस्तर.

पहिले ठिकाण. पेटीच्या वायफायला जोडल्यावर फोन तक्रार करतो की या नेटवर्कवर इंटरनेट नाही. बरोबरच आहे, पेटीकडे इंटरनेट असते तर हा खटाटोप कशाला केला असता? पण फोन एवढ्यावर थांबत नाही. तो आपल्याला न विचारता गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि आपण पेटीशी बोलतोय असे समजून भलतीकडेच बोलत राहतो. यावर उपाय म्हणजे हे काम होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा, आणि "तरीही जोडलेले राहायचे का?" असे फोनने विचारले तर होय म्हणा.

पान आपोआप का उघडते याचेही गमतीशीर कारण आहे. कुठल्याही नव्या वायफायला जोडल्यावर फोन लगेच आपल्या कंपनीच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी विचारणा पाठवतो आणि ठरलेले उत्तर आले की इंटरनेट आहे असे समजतो. पेटी इथे मध्ये पडते. फोनने कुठलाही पत्ता विचारला तरी ती "तो मीच" म्हणून स्वतःचे पान पुढे करते. फोनला वेगळेच उत्तर मिळते, त्यावरून तो ओळखतो की इथे आधी काहीतरी भरून द्यावे लागणार, आणि ते पान आपल्यापुढे ठेवतो. विमानतळावर, हॉटेलात वायफाय जोडले की आधी नंबर विचारणारे पान येते, तीच ही पद्धत. कधी फोन हे पान दाखवत नाही. मग ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी १०.४१.०.१ हे आकडे टाइप करा, मध्ये टिंबे देऊन. हेही तळाच्या कागदावर आहे.

दुसरे ठिकाण त्याहून फसवे. पासवर्ड टाकून बटण दाबले की क्षणभरात फोनवरचे पान गोठते आणि 'वाचनपेटी' हे नाव यादीतूनच नाहीसे होते. लोक घाबरतात. काहीजण पेटीचा प्लग काढून पुन्हा लावतात, आणि मग खरोखरच सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. वास्तविक ही चांगली खूण आहे. पेटीत रेडिओ एकच. घरच्या राउटरकडे जायचे तर तिला आपले दुकान आवरून निघावे लागते. दुकान आवरले म्हणजे तुमचा फोन तिच्यापासून सुटणारच. त्या वेळी काहीही न करता दोन मिनिटे थांबा. "जोडले गेले" ऐकू आले की संपले. पासवर्ड चुकीचा असेल तर पेटी राउटरच्या दारातून परत येते, आपले वायफाय पुन्हा उघडते आणि पुन्हा तेच पहिले वाक्य म्हणते. मग परत प्रयत्न करा. कितीही वेळा केले तरी काही बिघडत नाही.

कधी घरचे नावच पेटीच्या यादीत दिसत नाही. याचे कारण बहुधा पट्टा. आताचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत बोलतात, आणि आपल्या पेटीतल्या रेडिओला फक्त २.४ चा ऐकू येतो. बसवणाऱ्याने दोन्हींना वेगवेगळी नावे दिली असतील, एका नावापुढे '५जी' लावले असेल, तर ते '५जी' वाले नाव पेटीला अस्तित्वातच नाही. दुसरे नाव निवडा. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असेल तरी चालते, पेटी तिला जमेल तो पट्टा पकडते. २.४ चा पट्टा कोणी बंदच करून ठेवला असेल तर मात्र तो राउटरच्या सेटिंगमधून सुरू करून घ्यावा लागेल. हा पट्टा जुना आणि गर्दीचा असला तरी भिंतींतून जास्त चांगला जातो. विद्यानगरच्या जुन्या घरांतल्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरी पेटी परत येते असे झाले तर राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये केवळ 'डब्ल्यूपीए-३' निवडलेले आहे का ते बघायला सांगा. तिथे 'डब्ल्यूपीए-२' किंवा दोन्ही मिळून असा पर्याय हवा.

वीज गेल्यावर काय होते, हाही नेहमीचा प्रश्न. वीज परत आली की पेटी आणि राउटर एकदमच जागे होतात, पण राउटरला पूर्ण सावरायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि पेटी त्याआधीच शोधाशोध करून मोकळी होते. तिला काहीच सापडत नाही आणि ती आपले वायफाय उघडून ते वाक्य म्हणते. अशा वेळी फोन घेऊन धावू नका. पेटी थोड्या थोड्या वेळाने जुने ओळखीचे वायफाय पुन्हा शोधत राहते आणि राउटर सापडला की स्वतःच जोडली जाते. वीज आल्यानंतर दहा मिनिटे गेली आणि तरीही ती म्हणत असेल, तरच बघा. आणि एक: मधल्या काळातही बटण दाबले की आधी आलेली प्रकरणे वाजतातच. ती पेटीतल्या कार्डावर असतात, त्यांना इंटरनेट लागत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबाबत आम्ही जरा आग्रही आहोत. पेटीच्या वायफायला पासवर्ड कशाला, ते खुलेच ठेवले असते तर वृद्धांना एक पायरी कमी झाली असती, असे दोघा-तिघांनी सुचवले. सूचना मनापासूनची आहे, पण आम्ही ती मानली नाही. खुल्या वायफायवरून जे जाते ते हवेत उघडे जाते. तुम्ही त्या पानावर घरच्या राउटरचा पासवर्ड टाइप करता, आणि त्या वेळी जिन्यात किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी ऐकत बसले असेल तर तो त्याला मिळू शकतो. घरच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे घराचे एक दारच झाले. शिवाय खुल्या वायफायवर कोणीही येऊन पेटीला भलत्याच नेटवर्कला जोडून देऊ शकतो. म्हणून प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड आहे. तो घरातच, तळाशी चिकटवलेला आहे, पाठ करायची गरज नाही. तो कागद फाडू नका आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

याच कारणाने, पेटी परत करताना किंवा दुसऱ्या सभासदांकडे देताना ती थेट हाती देऊ नये, आधी आमच्याकडे पाठवावी. तुमच्या घरचा पासवर्ड तिच्या कार्डावर साठवलेला असतो, आणि कार्ड काढून संगणकात घातले तर जाणकाराला तो वाचता येतो. आम्ही तो पुसूनच पेटी पुढे देतो.

आपल्या घरांतल्या कॉलेजच्या मुलामुलींपैकी काहींना अशी पेटी स्वतः बनवायची आहे. आनंद आहे! त्यांच्यासाठी थोडे. कार्डावर रास्पबेरी पायची 'लाइट' आवृत्ती 'इमेजर' या प्रोग्रामने घाला आणि वापरकर्ता, पासवर्ड, दुरून शिरण्याची सोय हे सगळे तिथेच आधी भरून ठेवा. एप्रिल २०२२ पासून 'पाय' नावाचा आयता वापरकर्ता मिळत नाही. यूट्यूबवर अजून सांगतात की बूटच्या भागात एक छोटी फाइल टाकली की वायफाय जोडले जाते. ऑक्टोबर २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ती युक्ती चालत नाही, कारण वायफायचा कारभार 'नेटवर्क मॅनेजर'कडे गेला. वर सांगितलेली सगळी अदलाबदल करायला आम्ही 'कॉमिटप' वापरतो. मोफत आहे, आणि आधीच घालून ठेवलेली आवृत्तीही मिळते. त्यात अवस्था बदलली की आपला एखादा प्रोग्राम चालवण्याची सोय आहे, पेटी बोलते ती तिच्यामुळेच. दुसरे काही निवडलेत तर एक नक्की तपासा: वीज गेल्यावर ते जुने वायफाय पुन्हा पुन्हा शोधते का? नसेल तर वृद्धांच्या घरी त्याचा उपयोग नाही.

देश 'भारत' निवडायला विसरू नका. कोणत्या देशात कोणत्या लहरी वापरायला परवानगी आहे हे रेडिओ त्यावरून ठरवतो, आणि देश सांगितला नाही तर काही वेळा वायफाय बंदच राहते. आपल्याकडे २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.  आणखी एक: या संगणकात घड्याळाचा सेल नसतो. वीज जाऊन आली की इंटरनेट मिळेपर्यंत त्याची तारीख मागे राहते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे दार उघडत नाहीत. नवे प्रकरण उतरवणाऱ्या प्रोग्रामने आधी वेळ जुळली का ते बघावे.

चार्जर ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा घ्या आणि वायर जाड. ड्रॉवरमधली जुनी वायर लावली की पेटी मध्येच बंद पडते आणि दोष वायफायला दिला जातो.

बाकी सभासदांनी फोन करण्याआधी एवढे हाताशी ठेवावे: राउटरचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला कागद, मोबाइल डेटा बंद केलेला फोन, आणि पेटी शेवटचे काय बोलली ते वाक्य. तीनपैकी कोणते वाक्य, एवढ्यावरूनच आम्हाला बहुतेक वेळा फोनवर सांगता येते. तेवढ्यावर नाही जमले तर आपल्या भागातले स्वयंसेवक घरी येतील. अडिकमेटला जिना चढावा लागला तरी येतील.

पेटी जोडली गेली की राहिलेली सगळी प्रकरणे त्याच रात्री येतात, आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढे वाजतात.